ठिपके मांडण्याची सोपी रीत

काम तसं सोपं आहे. घरोघर जायचं, पाच वर्षांखालची लेकरं शोधायची, वय विचारायचं, वजन-उंची घ्यायची, सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि आलेखावर प्रत्येक लेकराचा एक ठिपका मांडायचा. ज्याला रांगोळीचे ठिपके जमतात त्याला हे जमतंच, असं मला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं होतं. सांगणाऱ्यांनी रांगोळी कधी काढली नसावी. लेकरू तर नक्कीच मोजलं नव्हतं. पण आता या कामात पाच-सहा वर्षं गेली आहेत, तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी ही रीत लिहून ठेवते. जशीच्या तशी पाळली तर आलेख सुंदर येतो. खरा येईल याची हमी नाही.

आधी जिल्हा सापडायला हवा

तुम्ही दोनपैकी एका वाटेने आला असाल. एक तर तुमच्या संस्थेने स्वतःचा सर्व्हे केला आणि भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा तुमच्या टेबलावर येऊन पडला. नाहीतर तुम्ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची तयार फाइल उतरवून घेतली. हे सर्वेक्षण मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1992-93 पासून करते आहे. पाचवी फेरी 2019-21 ची.

दुसऱ्या वाटेवाल्यांनी इंटरनेटवर 'भंडारा' शोधला तर आधी भंडारदऱ्याचं धरण लागेल, मग कुठल्यातरी मंदिराचा महाप्रसाद. म्हणून फाइलमध्ये नावाच्या नादी लागू नये. 2011 च्या जनगणनेत आपला क्रमांक 506. चुकून 507 दाबलात तर गोंदियाची लेकरं येतील. लेकरं तीही आपलीच, पण अहवालावर शिक्का भंडाऱ्याचा आहे. आणि साहेबांनी 'तीस वर्षांतली जिल्ह्याची वाटचाल' असा आलेख मागितला तर नम्रपणे दोन गोष्टी सांगाव्यात: 1 मे 1999 पर्यंत गोंदिया भंडाऱ्यातच होता, आणि या सर्वेक्षणाने जिल्हावार आकडे द्यायला सुरुवात केली ती 2015-16 च्या चौथ्या फेरीपासून. साहेब म्हणतील, मग दोनच ठिपके जोडून रेघ काढा. काढावी. दोन ठिपक्यांमधून रेघ नेहमीच सरळ जाते.

एक भागाकारही करून ठेवा. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 31,643 कुटुंबं होती आणि जिल्हे 36. म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला पावणेनऊशेच्या आसपास घरं. त्यातल्या पुष्कळ घरांत पाच वर्षांखालचं एकही लेकरू नाही. दोनशे लेकरं मोजली गेली असं धरू. बारा लाखांच्या जिल्ह्याची कहाणी ही दोनशे लेकरं सांगणार. त्यांच्यातली 35 टक्के खुजी निघाली, तर खरा आकडा 28 ते 42 मध्ये कुठेही असू शकतो. हेही गणित चिठ्ठ्या टाकून लेकरं निवडली असती तर. इथे गावं निवडून त्यातली घरं घेतात, म्हणून पट्टा आणखी रुंद होतो. पुढे कुणी 'जिल्ह्यात दोन टक्के घट' अशी बातमी छापून आणली की हा पट्टा आठवावा आणि चहा घ्यावा. बातमीच्या श्रेयावरून दोन खात्यांत वाद सुरू असेल, त्यात पडू नये.

वय

फॉर्मवरचा हा सगळ्यात लहान रकाना. वजनाला काटा असतो, उंचीला फळी असते, वयाला आजी असते.

आजीला तारीख विचारू नये. तारीख म्हटली की ती आधार कार्डाची पिशवी काढते, आणि त्या पिशवीत निम्म्या घराचा जन्म 1 जानेवारीला झालेला असतो. प्रसंग विचारावा. पुस्तकात याला स्थानिक घटनांचं कॅलेंडर म्हणतात आणि ते ज्याने त्याने आपल्या मुलखाचं करायचं असतं. आमचं असं आहे: मोहफूल वेचायचे दिवस मार्च-एप्रिल, तेंदूपत्ता मे, पऱ्हे टाकले की जून, रोवणी जुलै ते अर्धा ऑगस्ट, मग पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, धान कापणीला आला की दिवाळी, आणि भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. महिना असा हाती लागतो. साल पकडायला लॉकडाऊन आहे आणि ऑगस्ट 2020 च्या अखेरचा वैनगंगेचा महापूर आहे. 'पूर आला तवा पोटात होता' हे वाक्य मी कुठल्याही दाखल्यापेक्षा वर ठेवते.

आता एक घर जवळून बघा. नोव्हेंबर 2024, मोहाडी तालुक्यातलं एक गाव, आमच्या यादीत घर क्रमांक 17. विधानसभेचं मतदान 20 तारखेवर आलेलं, त्यामुळे आम्ही आधी प्रचाराचे ठरलो आणि मग लाडक्या बहिणीच्या पैशांचे. दोन्ही नाही म्हटल्यावर आमची किंमत जरा उतरली. आई धान कापायला गेली होती. ओसरीवर आजी सुपात तांदूळ निवडत होती आणि सुपातले खडे उचलून पुन्हा सुपात टाकणारी नात शेजारी.

"पोट्टी कवाची जी, आजी?"

"मंडईची."

"कोणत्या मंडईची?"

"आमच्या गावच्या. आनखी कोनत्या?"

"तसं नाही. यंदाची, गेल्या वर्षीची?"

"गेल्या साली तं चालत होती. त्याच्या आंधीची. राती दंडार होती, पाहुने होते घरी. तवाची."

मला आनंद झाला. प्रसंग मिळाला, साल मिळालं, वर साक्षीदार म्हणून आख्खी दंडार, म्हणजे रातभराचा नाच-नाटकाचा खेळ, मिळाली. नोव्हेंबर 2022, वय 24 महिने. पोरगी दिसतही होती तेवढीच. मी लिहून मोकळी झाले.

हे सर्वेक्षणवाले महिने कसे मोजतात तेही इथेच सांगते. जानेवारी 1900 हा पहिला महिना धरून सलग मोजत यायचं. म्हणजे नोव्हेंबर 2022 झाला 1475 वा आणि आम्ही गेलो तो महिना 1499 वा. वजाबाकी 24. या पद्धतीचा फायदा असा की आकडा बघून कुणाला दंडार आठवत नाही.

उंची

नियम साधा आहे. दोन वर्षांखालचं लेकरू फळीवर आडवं निजवून मोजायचं, दोन वर्षांवरचं उभं करून. निजलेलं माणूस उभ्यापेक्षा थोडं लांब भरतं. या वयात सरासरी 0.7 सेंटिमीटर. म्हणून उभ्याने मोजायचं लेकरू निजवून मोजलं असेल तर 0.7 वजा करायचे, आणि उलटं केलं असेल तर मिळवायचे. त्यासाठी फॉर्मवर 'आडवे' आणि 'उभे' असे दोन चौकोन असतात. त्यातल्या एकावर खूण करावी लागते.

उभं कसं करायचं, तर टाचा, पिंढऱ्या, ढुंगण, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग फळीला टेकलेला हवा, नजर समोर. शेंडीचा बुचडा सोडवायचा, नाहीतर दोन सेंटिमीटर रबरबँडचे. निजवून मोजायला दोन माणसं लागतात: एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून पायाची पाटी तळव्यांना भिडवायची. तिसरं माणूस लिहायला. चौथं कुणी खुळखुळा घेऊन उभं राहिलं तर उत्तम, पण त्याचं मानधन कुठल्याच बजेटात बसत नाही.

घर क्रमांक 17 ची पोरगी चोवीस महिन्यांची, म्हणजे नेमकी उंबऱ्यावर. नियमाने उभी मोजायची. उभी केली की मटकन बसे, बसवली की पळे, धरली की गावभर ऐकू जाईल असं रडे. शेवटी निजवली. आकडा आला 79.7. माझे दोन्ही हात तिच्या गुडघ्यांवर होते, लिहिणाऱ्याला हसू आवरत नव्हतं, आणि चौकोन दोन्ही कोरे राहिले.

वजन

तान्ह्यांसाठी आईला आधी काट्यावर उभं करायचं, काटा शून्यावर आणायचा, मग लेकरू तिच्या हातात द्यायचं. काटा फक्त लेकराचं वजन दाखवतो. आईऐवजी आजी उभी राहिली तरी चालतं, मात्र मधे ती काठी घ्यायला खाली वाकली की पुन्हा पहिल्यापासून. कपडे उतरवायचे. पायातले वाळे निघाले तर काढायचे. करगोटा आणि गळ्यातला गंडा काढा म्हणू नये. ते वजन सगळ्या जिल्ह्याच्या लेकरांत सारखंच वाटलं गेलेलं आहे. जोखलं की लेकरू झुरतं, असं मानणारी माणसं अजून आहेत आणि त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. या आजीने आमच्यासमोरच मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. वजन 9.3 किलो.

झेड नावाची गोष्ट

आता संध्याकाळ झाली, तुम्ही तालुक्याच्या लॉजवर आलात, लॅपटॉप उघडलात. जागतिक आरोग्य संघटनेचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लिंग, वय, वजन, उंची टाकली की ते प्रत्येक लेकराचा झेड-स्कोर देतं. झेड म्हणजे काय हे नवशिक्यांना नेहमी उगाच अवघड करून सांगितलं जातं. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावतात ना, तसं एकाच वयाच्या निरोगी पोरींना उभं करा. अगदी मधली पोरगी म्हणजे शून्य. तिच्यापासून ठरावीक मापाची एकेक पायरी खाली-वर. दोन पायऱ्यांच्याही खाली असलेल्याला उंचीत खुजं म्हणतात, तीन पायऱ्यांच्या खाली गेलं की तीव्र खुजं. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर कमी वजनाचं, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर लुकडं. अंगणवाडीत सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषण) म्हणतात ती या शेवटच्या मापाची भाषा. तिथे दंडाला पट्टी लावून 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरलं तरी सॅम. या मापाला वय लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. आजीशिवाय भागतं.

चोवीस महिन्यांच्या मुलींत मधलीची उभी उंची 85.7 आणि दोन पायऱ्या खालची 79.3. आता आपली 79.7 बसवा. उभी मोजली असं धरलं तर झेड उणे 1.9 च्या आसपास, पोरगी रेषेच्या वर, हिरव्यात. निजवून मोजली हे आठवून 0.7 वजा केले तर 79.0, झेड उणे 2.1, पोरगी खुजी. एका कोऱ्या चौकोनावर एक लेकरू रेषेच्या या बाजूचं की त्या बाजूचं हे ठरतं. लिहिणारा म्हणाला, मॅडम, उभं टाका, कशाला उगाच एक खुजं वाढवायचं. अशा वेळी मार्गदर्शिकेत काय लिहिलेलं असतं? 'मोजमाप पद्धतीची नोंद अचूक करावी.' आम्ही अचूकपणे 'उभे' वर खूण केली. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे त्याची गरज लागेल.

तेरा फुटी पोरगी

तयार फाइल वापरणाऱ्यांनो, आता जरा इकडे लक्ष द्या. त्या फाइलीत झेड-स्कोर आधीच काढून ठेवलेले असतात, पण दशांश चिन्ह गाळून. उणे 215 दिसलं तर ते उणे 2.15. ज्यांची मापं विश्वासाच्या पलीकडची निघाली त्यांच्यापुढे 9998 लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे खूण आहे, माप नव्हे. पण नवशिका पहिल्या उत्साहात सगळ्यांना शंभरने भागतो आणि सरासरी काढतो. त्या हिशेबाने दोन वर्षांची पोरगी मधल्या पोरीपेक्षा शंभर पायऱ्या उंच होते, म्हणजे चार मीटरच्या वर, तेरा फूट. अशा सात-आठ पोरी निघाल्या की भंडारा जिल्ह्यातलं कुपोषण एका दुपारी संपतं. मी एका प्रशिक्षणात ते संपलेलं पाहिलं आहे. टाळ्या वाजायच्या बाकी होत्या.

मग चूक कळते, आणि नवशिका उलट टोकाला जातो. जे जे विचित्र दिसेल ते पुसायला लागतो. उणे 5.1 चं लेकरू? असं कसं असेल, पुसा. खरं तर मर्यादा ठरलेल्या आहेत: उंचीचा झेड उणे 6 ते अधिक 6, वजनाचा उणे 6 ते अधिक 5, उंचीच्या मानाने वजनाचा उणे 5 ते अधिक 5. त्याच्या बाहेरचंच बाजूला ठेवायचं. उंचीत उणे 5.1 चं लेकरू मर्यादेच्या आत आहे. कदाचित आजीने साल चुकवलं असेल, कदाचित ते खरोखर तसंच असेल, आणि तसं असेल तर सगळा सर्व्हे त्याच्यासाठीच होता.

मोजलंच गेलं नाही अशा लेकरांचे आकडे वेगळे: घरी नव्हतं तर 9994, घरच्यांनी नाही म्हटलं तर 9995. पुसताना ही सगळी एकाच झाडूने जातात. आमच्याकडे दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं लेकरांसकट भट्टीवर जातात, आणि सर्व्हेचं पथक पावसाळा टळला की निघतं, म्हणजे बरोबर त्याच दिवसांत. दाराला कुलूप, फॉर्मवर रेघ. तुमच्या आलेखावर त्या लेकरांचा ठिपका नसतो आणि ठिपका नाही म्हणून कुणी विचारतही नाही. निदान अशी किती गळली एवढा आकडा तरी आलेखाखाली बारीक अक्षरात लिहा.

'वजन' या शब्दाचाही घोटाळा आहे. फाइलीत प्रत्येक घराला एक भारांक असतो, इंग्रजीत त्यालाही वेटच म्हणतात. तो दहा लाखांनी भागून वापरायचा, म्हणजे निवडीत कमी-जास्त आलेल्या घरांचा तोल सांभाळला जातो. लेकराच्या किलोंनी टक्केवारीला गुणू नका. झालेलं आहे.

रेष कुणाची

आलेख साहेबांसमोर ठेवला की हमखास एक प्रश्न येतो: ही रेष परदेशातली, आपली लेकरं मुळातच लहान चणीची, मग हिशेब कसा जुळणार? उत्तर पाठ करून ठेवा. 2006 ची ही मानकं करण्यासाठी 1997 ते 2003 दरम्यान सहा ठिकाणची लेकरं मोजली: ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं आक्रा, नॉर्वेतलं ऑस्लो, ओमानमधलं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि सहावी आपली दक्षिण दिल्ली. एकंदर साडेआठ हजारांच्या जवळपास लेकरं, सगळी अंगावर पाजलेली, आया तंबाखू न ओढणाऱ्या, घरात खायला-प्यायला असलेलं. आणि दिल्लीची लेकरं ऑस्लोच्या लेकरांसारखीच वाढली. दिल्लीत वाढतात तर मोहाडीत का नाही, हा प्रश्न मग साहेबांनाच विचारता येतो. विचारू नये, पण विचारता येतो.

जुनी मंडळी अजून 'तिसऱ्या ग्रेडचं', 'चौथ्या ग्रेडचं' म्हणतात. ती त्याआधीची रीत: अपेक्षित वजनाच्या किती टक्के भरलं यावर चार श्रेणी. 2008 मध्ये अंगणवाड्यांनी नवी मानकं घेतली. जुन्या रजिस्टरातली चौथी श्रेणी आणि आजचं सॅम एका रेघेवर मांडू नका. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेलं कापड आहे ते.

अशीच एक चूक राज्याच्या पातळीवर मोठ्या माणसांनीही केलेली ऐकली आहे. 2005 मध्ये लेकरांच्या पोषणासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. 2012 च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात खुज्या लेकरांचं प्रमाण 39 वरून 23 टक्क्यांवर आल्याचं दिसलं आणि त्याची जगभर वाखाणणी झाली. पुढे 2015-16 चा आकडा आला 34.4. लगेच हाकाटी: सगळं वाहून गेलं! पण 23 हा आकडा दोन वर्षांखालच्या लेकरांचा होता आणि 34.4 पाच वर्षांखालच्या. खुजेपणा पहिल्या दोन वर्षांत साचत जातो, पुढे तो तसाच राहतो. त्यामुळे दोन वर्षांखालच्यांत तो कायम कमीच दिसणार. 2019-21 मध्ये 35.2 झाला, म्हणजे जागचा हलला नाही. लुकड्यांचं प्रमाण तर दोन्ही वेळा 25.6. याची मात्र हाकाटी झालेली मला आठवत नाही.

आता मांडा

आडव्या अक्षावर वय महिन्यांत, उभ्यावर उंचीचा झेड, प्रत्येक लेकराचा एक ठिपका. छापून भिंतीला लावा आणि चार पावलं मागे जा.

भंडाऱ्याच्या माणसाला पुढचं सांगायला फार शब्द लागू नयेत. आलेख जर रोवणीच्या बांधीसारखा दिसला, म्हणजे 12 वर एक ओळ, 24 वर एक, 36 वर एक, मधे मोकळं पाणी, तर समजा की वय कुणीतरी दोरी धरून लावलं आहे. 'दोन वर्षांची असंल' याचं 24 झालं, 'तीनची' याचं 36. खरी लेकरं आवत्यासारखी येतात, हातातून फेकलेल्या बियाण्यासारखी विस्कटलेली. उंचीचे शेवटचे आकडेही मोजून पाहा. .0 आणि .5 ची गर्दी असेल तर पथक फळी वाचत नव्हतं, अंदाज घेत होतं. दहापैकी प्रत्येक आकडा साधारण एकदशांश वेळा यायला हवा.

मग ठिपके किती पसरले आहेत ते बघा. निरोगी मोजणीत पसारा साधारण एका पायरीचा असतो, थोडा जास्त चालतो. दीडच्या वर गेला तर लेकरांपेक्षा मोजणाऱ्यांची तपासणी करा. गंमत अशी की गचाळ मोजणीने खुज्यांचं प्रमाण वाढतं. ठिपके दोन्हीकडे उडतात, पण वर उडालेले कुणी मोजत नाही.

सगळं नीट असेल तर एक गोष्ट दिसेल जी टक्केवारीत दिसत नाही. जन्माजवळ ठिपक्यांचा ढग शून्याच्या जरा खाली असतो आणि दीड-दोन वर्षांपर्यंत उतरत जातो, मग आडवा चालतो. पूर्ण ढग उतरतो. रेषेखालची लेकरं बाजूला काढून वरची सगळी ठणठणीत, असं नसतं. वरचीही असायला हवी होती त्याच्या खालीच आलेली असतात. हा आलेख साहेबांना फार आवडत नाही. त्यांना गोल भाकरीसारखा पाहिजे, तीन रंगांचा. तो पण काढून द्यावा.

फेरमोजणी

दर दहा घरांमागे एक घर पुन्हा मोजायचं असतं, पहिला आकडा न बघता. चिठ्ठीत 17 निघालं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. या खेपेला आई घरी होती, धान उडवून झाला होता. मी रीतसर विचारलं, पोरगी कवाची. ती म्हणाली, "रोवण्यातली जी. माझ्या माहेरी झाली, लाखांदूरकडं. पानी थांबतच नव्हतं."

मी आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "मी तं मंडईची सांगतली."

"आत्याबाई, तुमी पाहली ती मंडईले," सून म्हणाली. "आनली ना मी तिले तवा."

म्हणजे आजी खोटं बोलली नव्हती. तिच्या घरी नात उजाडली ती मंडईच्या दिवशी, दंडार चालू असताना. लसीकरणाचं कार्ड माहेरीच राहिलं होतं. आईने भावाला फोन लावला आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. जन्मतारखेच्या जागी हळदीचा डाग. पण खाली लसींच्या रकान्यात बीसीजी स्वच्छ: 19 जुलै 2022. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या लेकराला बीसीजी घरी सोडायच्या आधीच टोचतात. रोवणी, 1471 वा महिना. वय 24 नव्हे, 28.

अठ्ठावीस महिन्यांच्या मुलींत मधली 89.1 ची असते आणि दोन पायऱ्या खालची 82.2 ची. या खेपेला ती उभी राहिली, कारण तिचा भाऊ शेजारी उभा होता. 79.3 भरली. झेड उणे 2.8. 'उभे' वरच्या आमच्या खोट्या खुणेने वाचलेले 0.7 सेंटिमीटर या चार महिन्यांपुढे चिल्लर निघाले. वजन तेच 9.3, आणि अठ्ठावीसच्या हिशेबाने तेही रेषेच्या खाली. उंचीच्या मानाने मात्र ठीकठाक, म्हणून सॅम-मॅमचं ते माप तिला पकडणार नव्हतं. आणि मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं? पोरगी दिसतेही तेवढीच. चार महिने तिच्या अंगावर दिसत नव्हते म्हणूनच मंडई मला पटली.

लॅपटॉपवर तिचा ठिपका उजवीकडे चार घरं आणि खाली जवळजवळ एक पायरी सरकला. त्यावर बोट ठेवून मी आईला सांगत होते, तर पोरगी आत जाऊन तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेऊन आली. भावाचा. चाकं असलेला, एक शिंग मोडलेला. फळीपुढे ठेवून म्हणाली, "याले मोज."

उभा मोजला. शिंगासकट 31.4, चाकं धरून. लिहिणाऱ्याने न सांगता 'उभे' वर खूण केली आणि विचारलं, "कवाचा?"

"गेल्या पोळ्याचा," आई म्हणाली.

"नाही जी," आजी म्हणाली, "त्याच्या आंधीचा."